ससा रुसलाय की त्याला काही दुखतंय? पहिल्यांदा ससा पाळणाऱ्यांसाठी, पायरी-पायरीनं

आमची बोंडू घरी आली तेव्हा दोन महिन्यांची होती, पांढरी शुभ्र, कापसाच्या बोंडासारखी म्हणून बोंडू, आणि पहिले अडीच महिने इतकी गोड वागली की सासूबाईंनी सगळ्या बिल्डिंगला सांगून टाकलं, ससा पाळायला काहीच त्रास नाही बाप्पा. मग एका सकाळी मी पिंजऱ्यात वाटी ठेवायला हात घातला तर कान मागे पाडून, घशातून घुर्र करून सरळ अंगावर आली. दुसऱ्या दिवशी चावली, रक्त निघालं. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत माझ्या टोंगळ्यापाशी येऊन डोकं खाली करून बसली, कुरवाळ म्हणून. घरात सगळे म्हणे मूडी झाली, लाडावली, "पोट्टी फुगून राहिली बघ". मीही तेच धरून चालले आणि जवळपास तीन आठवडे असेच घालवले, ते आठवलं की अजून वाईट वाटतं, कारण तिला रुसवा नव्हताच, ती वयात आली होती आणि आम्ही रोज तिच्या घरात हात घालून राहिलो होतो.

तेव्हापासून नागपुरातल्या मानेवाडा, प्रतापनगर, सदर अशा ठिकाणच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला हाच प्रश्न विचारलाय, काहून चावते, काहून फुगून बसते, काल चांगली होती आज काय झालं. आणि त्यातल्या दोघांनी माझ्याशी बोलायच्या आधीच सहा महिन्यांचा ससा कुणाला तरी देऊन टाकला होता. म्हणून हे सगळं एका ठिकाणी लिहितेय, ज्या क्रमानं बघायला पाहिजे त्या क्रमानं. क्रम बदलू नका, कारण पहिली पायरी चुकली तर जीव जाऊ शकतो, बाकीच्या चुकल्या तर, उन्हाची पाचवी पायरी सोडून, बहुतेक वेळा हाताला चावाच बसतो.

सुरुवातीला एवढं डोक्यात ठेवा

आपण मराठीत दोन वेगळ्या प्राण्यांना ससाच म्हणतो. तुरीच्या, कपाशीच्या शेतातून संध्याकाळी गाडीच्या उजेडात पळताना दिसतो तो रानससा, तो बीळ खणत नाही, गवतात नुसता खळगा करून बसतो, त्याची पिल्लं उघड्या डोळ्यांनी आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात, आणि त्याला पकडणं किंवा पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. दुकानातून येतो तो युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. ते कळपानं जमिनीखाली बिळांची वस्ती करून राहतात, तिथे कोणाची जागा कोणती हे ठरलेलं असतं, बाहेर कोल्हा नाहीतर ससाणा टपलेला असतो. म्हणजे तुमच्या हॉलमध्ये जो बसलाय त्याच्या रक्तात दोन गोष्टी पक्क्या आहेत: एक, माझी जागा ती माझी, आणि दोन, दुखलं तरी दाखवायचं नाही कारण कमजोर दिसला तो आधी मेला. ज्याला आपण मूड म्हणतो त्यातला बराचसा भाग या दोनच गोष्टींतून येतो.

पायरी १: आधी दुखणं नाही ना ते बघा

ससा अचानक चिडका किंवा गप्प झाला की वागणुकीचा विचार करायच्या आधी वाटी आणि ट्रे बघा. सकाळी टाकलेलं गवत खाल्लंय का, रात्रीतून लेंड्या किती पडल्यात. चांगला ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो, गोल, सारख्या आकाराच्या, कोरड्या, बोटानं दाबल्या की आत गवताचा भुसा दिसतो. त्या बारीक झाल्या, कमी झाल्या, किंवा केसांनी एकमेकींना जोडून माळेसारख्या यायला लागल्या तर पोटात गडबड सुरू आहे. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं, त्याला उलटी करता येत नाही, आणि आतडं एकदा थांबलं की गॅस भरतो, गॅसमुळे दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. त्यामुळे दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही आणि लेंडी नाही, तर सकाळपर्यंत थांबू नका, "मूड नसेल" असं म्हणू नका, त्याच वेळी डॉक्टरला फोन करा. पिल्लू असेल तर त्याहूनही लवकर.

दुखणारा ससा कसा बसतो ते ओळखायला शिका. पाठ कमानीसारखी, पोट जमिनीला दाबलेलं, डोळे अर्धे मिटलेले, कोपऱ्यात तोंड करून. आणि दात. कुरवाळताना ससा दात हळूच कुटकुट वाजवतो ती खुशीची खूण, हाताला नुसती थरथर जाणवते. पण एकटा बसून कटाकटा, दुरून ऐकू येईल असे दात वाजवत असेल तर त्याला वेदना होताहेत. हा फरक कळला की अर्धं काम झालं.

दात तर वेगळंच प्रकरण आहे. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ मिलीमीटर, आणि ते झिजतात फक्त गवत चावून. जो ससा पोळी, टोस्ट, बिस्किटं आणि गाजरं खाऊन मोठा होतो त्याच्या दाढांना टोकं येतात, ती जिभेला आणि गालाला टोचतात, मग तो वाटीपाशी धावत येतो, वास घेतो आणि मागे सरतो. बघणाऱ्याला वाटतं नखरे करतोय. हनुवटी ओली राहत असेल, लाळ गळत असेल तर दात बघून घ्या, पुढचे घरी दिसतात, दाढा डॉक्टरलाच दिसतात.

अजून काही बारीक गोष्टी भराभर सांगते. मान एका बाजूला वाकडी झाली तर त्याच दिवशी दवाखाना. पावसाळ्यात रोज मागची बाजू उचलून न बघता, खाली वाकून बघा, शी चिकटलेली असेल तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. लघवी लालसर-नारिंगी दिसली म्हणून लगेच घाबरू नका, पालेभाजीतल्या रंगानं तसं होतं, पण जोर लावून थेंब-थेंब होत असेल किंवा रक्ताची गाठ दिसली तर तपासा. मऊ, चमकदार, द्राक्षाच्या घोसासारखी शी तो स्वतःच खाली वाकून खातो, ती घाण सवय नाही, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात, खाऊ द्या.

आणि घरगुती औषधं अजिबात नको. अमॉक्सिसिलिन सारखी तोंडावाटे दिलेली अँटिबायोटिक सशाच्या पोटातले चांगले जंतू मारून टाकते आणि ससा मरतो, आपल्यासाठी आणलेल्या पट्टीतली अर्धी गोळी म्हणून कधीच देऊ नका. खाजवतोय म्हणून कुत्र्याचं पिसवांचं औषध मानेवर लावतात काही लोक, त्यात फिप्रोनिल असेल तर ते सशाला विष आहे.

पायरी २: वय मोजा, आणि नर की मादी हे पक्कं करा

तब्येत ठीक आहे असं कळलं की कॅलेंडर काढा. ससा साधारण तीन ते सहा महिन्यांच्या मधे वयात येतो, लहान जातीचे लवकर, मोठे थोडे उशिरा. आणि हे हळूहळू होत नाही, एका आठवड्यात प्राणी बदलल्यासारखा वाटतो. नर तुमच्या पायाभोवती गोल-गोल पळतो, तोंडातून हुंहुं असा आवाज काढतो, पायाला, उशीला, टेडीला चढतो, आणि मागे वळून लघवीची पिचकारी मारतो, ती कधी कधी भिंतीवर तीन फुटांवर दिसते. मादी जास्त करून जागेवरून भांडते, घुरघुरते, पुढचे पाय आपटत अंगावर येते, गादी खणते. कुठे जायचं ते शिकलेला ससा परत घरभर लेंड्या टाकायला लागतो. हे सगळं तो मुद्दाम करत नाही, त्याला ते थांबवताही येत नाही. ओरडून, नाकावर टिचकी मारून, पिंजरा झाकून फक्त एवढंच होतं की तो तुम्हाला घाबरायला लागतो, आणि ते घाबरणं हार्मोन शांत झाल्यावरही राहतं.

बोंडू आम्हाला नर म्हणून दिली होती. दोन महिन्यांच्या पिल्लात फरक ओळखणं कठीण असतं, दुकानातून चुकीचं सांगितलं जाणं अगदी नेहमीचं आहे. पाचव्या महिन्यात एक दिवस ती तोंडात सुकं गवत, मिशांसारखं दोन्ही बाजूंनी लोंबत, भरून इकडून तिकडे पळताना दिसली, आणि संध्याकाळी बघते तर छातीवरचे केस उपटून कोपऱ्यात गादी केली होती. मला वाटलं कातडीचा रोग झाला. डॉक्टरांनी उलटी धरून पाच सेकंदात सांगितलं की ही मादी आहे आणि हा खोटा गरोदरपणा आहे, म्हणजे पोटात पिल्लं नसताना शरीराला वाटतं आहेत. तो साधारण सोळा ते अठरा दिवस चालतो आणि आपोआप उतरतो. त्या दिवसांत तिनं केलेली गादी काढून फेकू नका, मी पहिल्या दिवशी साफसफाई म्हणून फेकली आणि तिनं दुसऱ्यांदा केस उपटले, पोटावरची गुलाबी कातडी दिसायला लागली. तशीच राहू द्या, हात कमी लावा, गवत भरपूर द्या, खाणं-लेंडी बघत राहा.

पण घरात दुसरा ससा असेल तर गरोदरपणा खोटाच आहे असं गृहीत धरू नका. भाऊ-बहीण म्हणून जोडी आणलेली असते, आणि ती साडेतीन-चार महिन्यांतच एकमेकांना लागू शकते. गरोदरपण अवघं एकतीस दिवसांच्या आसपास, आणि व्यायल्या दिवशीच ती परत गाभण राहू शकते. दोन नर असतील तर वयात आल्यावर ते एकमेकांना गंभीर जखमी करतात, कालपर्यंत एकाच टोपलीत झोपत होते हे त्यांना आठवत नाही. म्हणून तीन महिने झाले की वेगळे ठेवा, आणि लिंग डॉक्टरकडून बघून घ्या.

पायरी ३: त्याचं बोलणं वाचा

ससा भुंकत नाही, म्याऊ करत नाही, म्हणून लोकांना वाटतं तो न सांगता चावतो. तो सांगतो, आपल्याला दिसत नाही. कान मागे चिकटलेले, अंग ताठ, शेपटी वर उचललेली, मग घुर्र, मग झेप, आणि हे सगळं करून तुम्ही ऐकलं नाही तर चावा. कान मागे पण अंग सैल, पाय पसरलेले, तर तो आराम करतोय, त्याला उगाच हलवू नका. नुसते कान बघू नका, कान आणि अंग दोन्ही एकत्र बघा.

मागचा पाय दाणकन जमिनीवर आपटला तर त्यानं धोका ऐकलाय. बिळात राहणारे ससे असंच एकमेकांना सावध करतात. रात्री दोन वाजता पाय आपटला तर उठा, लाईट लावा, हळू आवाजात दोन शब्द बोला, काहीच नसेल तर त्यालाही कळेल की काही नाही.

तुमच्याकडे पाठ करून बसला आणि जाताना मागचे पाय झटकले, तर हो, याला रुसणं म्हणता येईल, नखं कापल्यावर किंवा औषध पाजल्यावर बोंडू हमखास असं करते. तासाभरात उतरतं, मागे लागून मनवायला गेलात की लांबतं. नाकानं ढोसलं तर "सरक" किंवा "लक्ष दे". हळूच दातानं चिमटा घेतला तर तोच निरोप थोडा मोठ्यानं, त्याला चावा समजू नका. हनुवटी खुर्चीच्या पायाला घासली म्हणजे हनुवटीखालच्या ग्रंथीतून वास लावून "हे माझं" असं नाव टाकलं. हवेत उडी मारून अंग वाकडं केलं तर आनंद, आणि धपकन आडवा पडला तर तो मेला नाही, झोपलाय, पहिल्यांदा बघताना सगळ्यांच्याच काळजाचा ठोका चुकतो.

एक गोष्ट मला फार लागते ती इथेच सांगते. सशाला पाठीवर उलटं झोपवलं की तो हालचाल न करता पडून राहतो, आणि त्याचे व्हिडिओ "बघा किती शांत झाला" म्हणून फिरतात. तो शांत झालेला नसतो. शिकारी प्राण्याच्या तोंडात सापडल्यावर मेल्याचं सोंग करतात तसं त्याचं शरीर गोठलेलं असतं, भीतीनं. डॉक्टर तपासायला दोन सेकंद धरतात ते वेगळं, गंमत म्हणून करू नका.

पायरी ४: जागा त्याची, हात तुमचा

चाव्याच्या तक्रारींपैकी मला तरी जास्तीत जास्त याच दिसल्या, पिंजऱ्यात हात घातला आणि चावला. त्याच्या हिशोबानं तो बिळात बसलाय आणि वरून काहीतरी आत आलं. वरून येणारं म्हणजे ससाणा. शिवाय सशाला मागचं-बाजूचं जवळजवळ सगळं दिसतं, पण अगदी नाकासमोर आणि हनुवटीखाली काहीच दिसत नाही, आणि आपण नेमका हात तिथेच नेतो, वास घे म्हणून. कुत्र्याची सवय सशाला लावू नका.

मग काय करायचं: दार उघडं ठेवा, त्याला स्वतःहून बाहेर येऊ द्या, तो बाहेर असताना वाटी भरा, ट्रे बदला. हात बाजूनं आणा, आधी बोला, आणि कपाळावर, दोन कानांच्या मधे ठेवा. तिथे ससे एकमेकांना चाटतात, ती मायेची जागा आहे. पोट, पाय, शेपटी नको. झेप घेतली तर हात झटकन ओढू नका, नाहीतर त्याला समजतं की हल्ला केला की हात जातो, जाड बाहीचा स्वेटर घाला आणि हात तिथेच शांत ठेवा, मग सावकाश काढा. दुसऱ्या कुणाच्या मांजराला हात लावून आला असाल तर आधी साबणानं धुवा.

उचलणं कमीत कमी. कान धरून तर कधीच नाही. सशाची हाडं हलकी असतात आणि मागचे पाय फार ताकदीचे, हवेत लाथ मारली तर स्वतःचीच पाठ मोडते, असे ससे दवाखान्यात येतात. उचलायचंच तर एक हात छातीखाली, एक मागच्या भागाखाली, अंगाला चिकटवून. लहान मुलांना जमिनीवर बसवा आणि ससा त्यांच्याकडे येईल तेव्हाच हात लावायला शिकवा. तान्ह्या पोळ्याला बिल्डिंगमधली सगळी पोट्टी लाकडी बैल घेऊन आमच्या घरी आली होती, प्रत्येकाला बोंडूला उचलायचं होतं, मी सगळ्यांना खाली बसवलं आणि हातात सांबाराची काडी दिली, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर हो, आणि दहा मिनिटांत ती एकेकाकडे जाऊन खाऊन आली.

पिंजरा फक्त झोपेपुरता. तारेचा तळ असेल तर त्यावर चटई टाका, पायाला फोड येतात आणि फोड आलेला ससा चिडणारच. दिवसातून तीन-चार तास तरी मोकळं पळायला पाहिजे, सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला, कारण ससा त्याच वेळी जागा असतो. दुपारी एक वाजता तो खेळत नाही म्हणून काळजी करणाऱ्यांचे फोन येतात मला, दुपारी तो झोपतो हो, त्याला झोपू द्या. खणायची हौस जिरवायला पुठ्ठ्याचा मोठा खोका, त्यात चुरगाळलेले पेपर आणि गवत, एवढं पुरतं. वायर मात्र सगळ्या वर उचला, कूलरची पहिली.

पायरी ५: नागपूरचं ऊन

यावर थोडं सविस्तर लिहावंच लागेल, कारण बाहेरच्या देशातल्या माहितीत आपल्या मे महिन्याचा विचारच नसतो. सशाला घाम येत नाही, तो धापा टाकूनही फारसा गार होऊ शकत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पंधरा ते वीस अंश त्याला आवडतात, तिशीच्या वर त्रास सुरू होतो. आणि आपल्याकडे पारा पंचेचाळीस पार करतो, २०१३ च्या मे महिन्यात तर ४७.९ ला गेला होता. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत तुमचा ससा जर दिवसभर फरशीवर लांब पसरून पडतो, खेळत नाही, हात लावला की सरकतो, तर त्याचा स्वभाव बदललेला नाही, त्याला उकडतंय. अंगाला गरम हात नको वाटतो एवढंच.

गॅलरी, गच्ची, टिनाखालची सांदवाडी (घरामागची जागा), या तिन्ही जागा उन्हाळ्यात पूर्ण बंद. घरातली सगळ्यात गार खोली त्याची, खालच्या मजल्यावरची असेल तर उत्तम. कूलर लावा पण हवा थेट अंगावर नको, तो हवेतून बाजूला जाऊ शकेल अशी जागा ठेवा. बाटलीत पाणी गोठवून सुती ओढणीत गुंडाळून शेजारी ठेवा. आमच्याकडे सगळ्यात चाललं ते जुनं, मोठ्या तोंडाचं मडकं, आडवं ठेवायचं, खाली दोन विटांनी अडवायचं, बाहेरून ओलं फडकं लावायचं, बोंडू मे महिन्याची सगळी दुपार त्यात काढते. कानांवर ओला हात फिरवा दर तासाला. आंघोळ मात्र घालू नका. पाणी उथळ जड वाटीत, नळीच्या बाटलीपेक्षा वाटीतून ससा जास्त पितो, आणि पाला धुऊन तसाच ओला द्या. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की मी दुपारची बाहेरची कामंच ठेवत नाही, कारण लाईट गेली की कूलर बंद, आणि बंद खोलीत अर्ध्या तासात काय होईल सांगता येत नाही.

तोंड उघडून श्वास, ओलं नाक, कान लालबुंद आणि गरम, लडखडणं, ही उष्माघाताची लक्षणं. सावलीत घ्या, साध्या गार पाण्यानं कान आणि पाय ओले करा, पंखा लावा आणि निघा दवाखान्यात. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानंही जीव जातो.

जून संपताना पाऊस सुरू झाला की कूलर कामाचा राहत नाही, उलट दमट हवा वाढते, तेव्हा पंखा आणि गोठवलेली बाटलीच. थंडीत उलट गंमत, डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा आपण शेकोटी शोधतो आणि ससा घरभर उड्या मारतो. फक्त थेट वारं नको.

पायरी ६: खाणं आणि आवाज

गवत रोज त्याच्या अंगाएवढा ढीग, खाण्यातला ऐंशी टक्के भाग तोच. ऑनलाईन टिमोथी गवत मिळतं पण महाग पडतं, स्वच्छ जागेतली हरळी कापून सावलीत वाळवली तरी चालते. लसूणघास (लुसर्न) सहा-सात महिन्यांपर्यंतच्या वाढत्या पिल्लाला चांगला, त्यात कॅल्शियम जास्त असल्यामुळे नंतर कमी करा. पालेभाजी तीन महिन्यांनंतर, एका वेळी एकच नवीन, गोकुळपेठ मार्केटातून मी सांबार, पुदिना, मुळ्याचा पाला, थोडी मेथी आणते आणि दोन-तीन पाण्यांतून धुते. गाजर म्हणजे मिठाई, बोटाच्या पेराएवढं. संत्र्याच्या दिवसांत अर्धी फोड, बी काढून, आठवड्यातून एकदा, त्यापेक्षा जास्त नाही. पोळी, टोस्ट, चिवडा, फुटाणे यांनी पोटात गॅस होतो आणि मग तोच "मूड". कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट अजिबात नाही.

दिवाळीत फटाक्यांनी आणि मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोठी मिरवणूक निघते तेव्हा, ढोल-ताशांनी ससा दोन-दोन दिवस लपून बसतो. महाल-इतवारीकडे राहत असाल तर त्या सकाळीच त्याला आतल्या खोलीत न्या, खिडक्या बंद, लपायला पुठ्ठ्याचा खोका, त्यात गवत, आणि बाहेर ओढून काढू नका. पण तेव्हाही पहिली पायरी लागू आहेच, घाबरून खाणं सोडलं तर बारा तासांचा हिशोब तोच.

पायरी ७: पंधरा दिवस लिहून ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशोब लिहितो ना, तसंच. किती वाजता चिडला, त्याच्या आधी काय झालं, कुठे होता, खाल्लं किती, लेंड्या कशा. आठवड्यातून एकदा भाजीच्या काट्यावर टोपलीत बसवून वजन. माझ्या नोंदीत दहा दिवसांत दिसलं की बोंडू नऊपैकी आठ वेळा पिंजऱ्यातच आणि सकाळी साडेसातलाच चावली होती, म्हणजे मी झाडू घेऊन आत घुसायचे तेव्हा. झाडूची वेळ बदलली, ती बाहेर असताना झाडायला लागले, आणि त्या आठवड्यात एकदाही चावली नाही. डॉक्टरकडे जाताना हीच वही न्या, त्यांना तोंडी "मूडी झाला" सांगण्यापेक्षा याचा फार उपयोग होतो.

पायरी ८: नसबंदीचं डॉक्टरशी बोला

वयात आल्यावरचा चिडकेपणा, पिचकाऱ्या, खोटं गरोदरपण याचा कायमचा उपाय हाच. नराची साधारण चौथ्या महिन्यानंतर, मादीची पाच-सहा महिन्यांनंतर. मादीसाठी तर मी आग्रहच धरेन, कारण नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर फार मोठ्या प्रमाणात होतो.

पण प्रत्येक डॉक्टरला सशाची सवय नसते, कुत्र्या-मांजरांचं जास्त काम असतं, त्यामुळे विचारायला लाजू नका: सशांची ऑपरेशन्स करता का, भूल गॅसची देता का, दुखणं थांबवायचं औषध नंतर किती दिवस. आणि आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा असं सांगितलं तर परत विचारा, कारण सशाला उलटी होत नाही, त्याला उपाशी ठेवायची गरज नसते आणि ठेवलं तर आतडं थांबायची भीती. नागपुरात आपलं नशीब एवढं बरं की सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं, आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं, तिथे जनावरांचा दवाखाना आहे. जवळ सशाचा जाणकार डॉक्टर सापडत नसेल तर तिथे जाऊन विचारा, आणि आज सगळं ठीक असतानाच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा, रात्री अकराला शोधत बसायला नको.

ऑपरेशननंतर त्याच संध्याकाळी त्यानं गवताची एक काडी तरी खायला पाहिजे. बोंडूनं आठ वाजता पुदिन्याचं एक पान खाल्लं तेव्हा मी श्वास सोडला. लगेच शांत होईल अशी अपेक्षा ठेवू नका, हार्मोन उतरायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि नर असेल तर तेवढे दिवस मादीजवळ सोडू नका, तो अजून पिल्लं देऊ शकतो. आमच्याकडे पहिले तीन आठवडे काहीच फरक नव्हता, घुरघुर तशीच, सासूबाई म्हणाल्या पैसे वाया गेले वाटते. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी ती आत असतानाच चुकून हात घातला, वाटी उचलली, आणि तिनं नुसतं नाकानं हात बाजूला केला आणि गवत खात राहिली.